रेफरन्स फोन कोणता घ्यावा: खेड्यात चालणारं ॲप बनवणाऱ्यांसाठी

ॲप लिहिणाऱ्याच्या टेबलावर बहुधा घरातला सगळ्यात चांगला फोन असतो. त्यावर सगळं झरझर चालतं. तेच ॲप आर्वी, दारव्हा किंवा धारणीकडच्या कास्तकाराच्या हाती गेलं की फॉर्म भरता भरता बंद पडतं, फोटो निघतो पण पोचत नाही, फवारणीचा इशारा पाऊस पडून गेल्यावर येतो. दोष शोधायला बसावं तर टेबलावरच्या फोनवर तो दिसतच नाही. म्हणून एक फोन, म्हणजे रेफरन्स फोन, असा ठेवावा लागतो, की त्यावर जे चाललं ते गावात चालेल असं खात्रीनं सांगता येईल. तो काट्यावरच्या किलोच्या मापासारखा असतो. भारी नसला तरी चालतो, पण ठरलेला असावा आणि आज जसा आहे तसाच पुढच्या महिन्यातही असावा.

आधी लोकांच्या हातात काय आहे ते लिहून काढा

ॲप आधीच प्ले स्टोअरवर असेल तर प्ले कन्सोलमध्ये (ॲप टाकणाऱ्यांसाठीच्या गुगलच्या पानावर) ‘रीच अँड डिव्हायसेस’ हा भाग उघडा. तुमचे वापरणारे रॅम, चिप आणि अँड्रॉइड आवृत्तीनुसार कसे विभागले आहेत ते तिथं दिसतं. त्याच आकड्यांशेजारी क्रॅश आणि एएनआरचे (ॲप गोठून प्रतिसाद न देण्याचे) आकडे ठेवून पाहा. एखाद्या एकाच मॉडेलवर ८ टक्क्यांहून जास्त वापरणाऱ्यांना रोज क्रॅश दिसत असेल, तर त्या मॉडेलवाल्यांना प्ले स्टोअर तुमचं ॲप कमी दाखवू शकतं, किंवा ॲपच्या पानावर इशाराही लावू शकतं. एकूण सरासरी चांगली असली तरी हे होतं.

ॲप अजून यायचं असेल तर आठवडी बाजाराच्या दिवशी रिचार्जच्या दुकानापाशी, कृषी केंद्रात किंवा आपले सरकार सेवा केंद्राच्या रांगेत तासभर उभं राहा. ‘काका, फोन कोणता आहे? जरा सेटिंग दाखवता का?’ म्हटलं की लोक दाखवतात. मॉडेल, खरी रॅम, रिकामी जागा, अँड्रॉइड आवृत्ती, अक्षरांचा आकार आणि सिम कोणतं, एवढंच लिहायचं. नंबर किंवा नाव लिहू नका, त्याची गरज नाही. चाळीस फोन झाले की पुरे.

आता ते चाळीस फोन रॅमनुसार कमीपासून जास्तीकडे लावा आणि खालून दहावा घ्या. मधला घेतला तर निम्मे लोक तुमच्या चाचणीच्या खाली राहतात. सगळ्यात खालचा घेतला, तर काच फुटलेल्या एखाद्या जुन्या फोनपायी सगळ्या ॲपचे हात बांधले जातात. खालून चौथाई ही जागा आम्हाला योग्य वाटते. बटनांचे कायओएसवाले जिओफोन या मोजणीत धरू नका. त्यांवर अँड्रॉइडचं ॲप चालत नाही, त्या लोकांसाठी एसएमएस किंवा आवाजी कॉलची वेगळी सोय करावी लागते.

रॅम: सगळ्यात जास्त दुखणं इथंच आहे

डब्यावर ‘४+४ जीबी’ लिहिलेलं असतं, त्यातले मागचे चार खरे नसतात. तो स्टोरेजचाच तुकडा रॅमसारखा वापरलेला असतो. एडीबीतून (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देण्याच्या साधनातून) ‘प्रॉक’ फोल्डरातली ‘मेमइन्फो’ ही फाइल वाचा, तिच्यातला ‘मेमटोटल’ हा आकडा खरा. अँड्रॉइड १३ पासून गो या हलक्या फोनांसाठीच्या आवृत्तीलाही किमान २ जीबी रॅम लागते. त्याच्याही खालचे जुने फोन अजून वापरात आहेत. दिवाळी २०२१ मध्ये आलेला जिओफोन नेक्स्ट २ जीबीचा आहे, आणि तळाची पायरी म्हणून तो आजही चांगला नमुना आहे. बहुतेक गावांसाठी ३ किंवा ४ जीबी खऱ्या रॅमचा फोन रेफरन्स म्हणून बसतो.

कमी रॅमच्या फोनवर ॲप हळू चालतं हे तर दिसतंच. खरा घात कॅमेरा उघडताना होतो. ताई बोंडअळीची नोंद भरतात, फोटोचं बटन दाबतात, फोनचा कॅमेरा उघडतो, आणि कॅमेऱ्याला जागा करून द्यायला सिस्टिम मागचं तुमचं ॲप मारून टाकते. फोटो काढून परत आलं की कोरा फॉर्म. ८ जीबीच्या फोनवर हे तुम्हाला जन्मात दिसणार नाही.

चाचणी अशी करा. रेफरन्स फोनवर व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि क्रोमचे चार-पाच टॅब एकामागून एक उघडा. मग तुमचं ॲप उघडून फॉर्म अर्धा भरा, कॅमेऱ्यात जा, दोन-तीन फोटो काढून पाहा आणि परत या. डेव्हलपर ऑप्शन्समधला ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ हा पर्याय पुष्कळ जण पुरेसा समजतात, पण त्यानं फक्त स्क्रीन नष्ट होते, प्रोसेस जिवंत राहते. मेमरीत ठेवलेले तुमचे स्टॅटिक व्हेरिएबल आणि सिंगलटन तसेच टिकतात, आणि दोष लपतो. म्हणून कॅमेरा समोर असताना एडीबीतून ‘एएम किल’ ही आज्ञा पॅकेजच्या नावासह द्या, मग परत या. उपाय दोन आहेत. फोटोची फाइल कॅमेरा उघडण्याआधीच बनवून तिचा पत्ता सेव्ह्ड स्टेटमध्ये (ॲप मारलं तरी सिस्टिम जपून ठेवते त्या जागेत) ठेवायचा, आणि फॉर्ममधला प्रत्येक रकाना भरला की लगेच डेटाबेसमध्ये लिहायचा. ‘सबमिट’ची वाट पाहायची नाही.

स्टोरेज, चिप, अँड्रॉइड

स्वस्त फोनात ईएमएमसी स्टोरेज असतं, थोड्या वरच्यात यूएफएस. ईएमएमसी कित्येक पटीनं हळू आहे आणि भरत आलं की आणखी मंदावतं. नवा कोरा फोन म्हणूनच खोटा दिलासा देतो. रेफरन्स फोनवर मोठे व्हिडिओ भरून रिकामी जागा नेहमी १ जीबीच्या आसपास ठेवा. गावातल्या फोनात व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभात आणि भजनांमुळे तेवढीच उरलेली असते. अधूनमधून आणखी भरून अगदी शेवटचे काही एमबी ठेवून पाहा. फोनवरचा डेटाबेस, एसक्यूलाइट, लिहायला नकार देतो तेव्हा तुमचं ॲप सरळ मराठीत ‘फोनमध्ये जागा नाही’ म्हणतं की गप्प बसून नोंद हरवतं, हे कळलंच पाहिजे.

चिप ६४ बिटची असून त्यावरचं अँड्रॉइड ३२ बिटचं, असे फोन गो वर्गात बरेच आहेत. एखादी तयार लायब्ररी फक्त ६४ बिटची टाकलीत, तर अशा फोनवर ॲप एक तर इन्स्टॉल होत नाही किंवा उघडताच पडतं. रेफरन्स फोन ३२ बिटचा मिळाला तर उत्तम समजा. नकाशा दाखवणार असाल तर ग्राफिक्सही पाहा. हेलिओ जी३५ सारख्या चिपमध्ये पॉवरव्हीआरचा जीपीयू (ग्राफिक्सची चिप) असतो, आणि माली या दुसऱ्या जीपीयूवर नीट दिसणारा नकाशा तिथं अडखळू शकतो.

अँड्रॉइडची आवृत्ती लोकांकडे आहे तीच असू द्या. आवृत्तीनुसार काय बदलतं ते मात्र ध्यानात हवं. १० आणि ११ मध्ये फाइल साठवण्याचे नियम बदलले. १२ मध्ये माणूस ‘अंदाजे ठिकाण’ एवढीच परवानगी देऊ शकतो, मग तुमच्या वावराचा बिंदू दुसऱ्या शिवारात पडतो. १३ पासून नोटिफिकेशनचीही परवानगी मागावी लागते. या बाकीच्या आवृत्त्यांसाठी एम्युलेटर (कॉम्प्युटरवरचा नकली फोन) पुरतो.

पडदा, जीपीएस, कॅमेरा, सिम

पडदा ७२० बाय १६०० चा, साधा एलसीडी घ्या. मे महिन्यात दुपारी धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून वाचून पाहा. फिकट राखाडी अक्षरं तिथं नाहीशी होतात. पडद्यावर चिकटवलेली जाड काच काढू नका, लोकांच्या फोनवरही ती असते.

वावर मोजणारं किंवा फोटोला ठिकाण जोडणारं ॲप असेल तर जीपीएसवर जास्त वेळ घाला. १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून वावरात उभं राहून फोटो काढणं हे कास्तकाराला ओळखीचं काम झालं आहे. पण फोनला इंटरनेट नसेल तर उपग्रहांची माहिती त्याला थेट उपग्रहाकडूनच घ्यावी लागते. एका उपग्रहाची कक्षामाहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते, आणि सगळ्या उपग्रहांची मिळून यादी पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून गडचिरोलीत रेंजबाहेर, बराच वेळ बंद असलेल्या फोनवर पहिलं ठिकाण मिळायला मिनिट-दोन मिनिटं किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. ॲपमध्ये १० सेकंदांची मुदत घातली असेल तर ते तिथं कधीच यशस्वी होणार नाही. फोन रात्रभर बंद ठेवून, सिम काढून, सकाळी उघड्यावर चालू करा आणि पहिला बिंदू येईपर्यंत किती वेळ जातो ते लिहा.

अचूकतेचा हिशेबही समजून घ्या. चौरस एकराची बाजू साधारण ६३.६ मीटर असते. एका बाजूची धुऱ्याची रेघ ५ मीटर सरकली की क्षेत्र सुमारे ३१८ चौरस मीटरनं चुकतं, म्हणजे ३ गुंठ्यांहून जास्त. ५ मीटरची चूक स्वस्त फोनवर अगदी नेहमीची आहे. एल१ आणि एल५ अशा दोन फ्रिक्वेन्सी घेणारा महाग फोन बऱ्याचदा याहून बरं मोजतो, आणि नेमका म्हणूनच तो इथं रेफरन्स व्हायला लायक नाही. होकायंत्राचा सेन्सर आणि जायरोस्कोप स्वस्त फोनात अनेकदा नसतोच. ‘या दिशेनं चाला’ असा बाण दाखवणार असाल तर आधी तो आहे का ते तपासा.

कॅमेऱ्याबाबत एकच पाहायचं: पऱ्हाटीचं (कपाशीचं) पान किंवा बोंड जवळून स्पष्ट येतं का. काही तळच्या फोनांत फोकस कायम ठरलेला असतो, हातभर अंतरापेक्षा जवळ गेलं की सगळं धूसर. अशा फोनवाल्याला ॲपनं ‘थोडं मागं घ्या’ म्हणायला हवं.

सिम दोन ठेवा, दोन वेगळ्या कंपन्यांची. जिओकडे २जी आणि ३जी नाही, त्यामुळे ४जी सुटलं की खाली उतरायला पायरीच नसते. एअरटेलवर फोन २जीवर उतरतो आणि कांडी दिसत राहते, पण डेटा जवळपास थांबतो. या दोन गोष्टी ॲपला वेगळ्या दिसतात. बीएसएनएलचं ४जी ७०० मेगाहर्ट्झवरही आहे, त्याला फोनमध्ये बँड २८ लागतो, तो सगळ्या स्वस्त फोनांत नसतो.

जुना फोन घेताना

रेफरन्स फोन वापरलेला घेतला तरी चालतो. नागपुरात सीताबर्डीला किंवा तालुक्याच्या दुकानात सहज मिळतो. पैसे देण्याआधी स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून आयएमईआय (फोनचा ओळखक्रमांक) पाहा, मग ‘केवायएम’ आणि तो आकडा १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं. नंतर दुकानातच फॅक्टरी रीसेट करून पुन्हा चालू करायला लावा. जुन्या मालकाचं गुगल खातं मागितलं तर तो फोन घेऊ नका. पडदा बदललेला असेल तर कडेला बोट ओढून बघा, रेघ तुटते का. बदललेल्या हलक्या पडद्यावरचे टचचे दोष तुमच्या ॲपच्या माथी येतील. बॅटरी फुगलेली नसावी, पण थोडी थकलेली असली तर हरकत नाही.

बूटलोडर उघडलेला किंवा रूट केलेला, म्हणजे कंपनीची कुलपं काढलेला, फोन मात्र नकोच. प्लेची तपासणी त्यावर नापास होते, बरीच यूपीआय ॲप चालत नाहीत, आणि तुम्ही मोजाल ते कुणाच्याही फोनचं नसेल.

लावणी

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारा, शाओमीवर तेच एमआययूआय किंवा हायपरओएसच्या आवृत्तीवर. मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा. शाओमीवर ‘इन्स्टॉल व्हाया यूएसबी’ वेगळं चालू करावं लागतं, त्यासाठी सिम घातलेलं आणि कंपनीचं खातं जोडलेलं लागतं. फोन कॉम्प्युटरला दिसत नसेल तर आधी केबल बदला. चार्जरसोबतच्या बऱ्याच केबलींत डेटाच्या तारा नसतात. अँड्रॉइड ११ पासून वायफायवरूनही डीबग करता येतं, यूएसबीचं भोक सैल झालेल्या फोनवर ते बरं.

ॲनिमेशनचे आकडे १ वरच राहू द्या, चाचणी लवकर व्हावी म्हणून बंद करू नका. आपोआप होणारे सिस्टिम अपडेट बंद करा. क्रोम, वेबव्ह्यू आणि गुगल प्ले सर्व्हिसेसच्या आवृत्त्या एका वहीत लिहा, फोनच्या पाठीवर त्या वहीचं पान क्रमांकासह चिकटवा. दोन महिन्यांनी एखादा आकडा बदलला तर पहिली शंका इथं घ्यायची असते. आणि हा फोन कुणालाही रोजच्या वापरासाठी देऊ नका.

बॅटरी वाचवण्याच्या कंपनीच्या सेटिंग्ज आल्या तशा ठेवा. शाओमीत ‘ऑटोस्टार्ट’, सॅमसंगमध्ये झोपवलेली ॲप्स, विवो, ओप्पो, रिअलमीत पार्श्वभूमीची बंधनं असतात. स्वतःच्या ॲपला सूट देऊन चाचणी केली तर ती फुकट गेली. काही फोनांत अलीकडच्या यादीतून ॲप बोटानं उडवलं की ते पुरतं थांबतं, मग पुश मेसेजही येत नाही. सगळ्यांनाच ॲप उडवायची सवय असते. फवारणीच्या इशाऱ्यासारखी गोष्ट फक्त नोटिफिकेशनवर सोडू नका, जोडीला एसएमएस ठेवा. याच कारणासाठी रेफरन्सच्या जोडीला एक साधं अँड्रॉइड असलेला फोन, जुना पिक्सेल असेल तरी, जवळ असावा. दोष दोन्हीवर आला तर तो तुमचा, फक्त रेफरन्सवर आला तर कंपनीच्या बदलांमुळे, असा पहिला अंदाज लगेच बांधता येतो.

फोनची भाषा मराठी करा, आजच

हे न करणारे सगळ्यात जास्त आहेत, आणि इथले दोष सगळ्यात विचित्र असतात. फोनची भाषा मराठी असली की अँड्रॉइड आकडे देवनागरीत छापतं. कोडमध्ये ‘स्ट्रिंग डॉट फॉरमॅट’ला लोकॅल (भाषा-प्रदेशाची खूण) न देता अक्षांश मजकुरात बदललात, तर सर्व्हरकडे २०.७४५ असा देवनागरी आकडा जातो. सर्व्हर तो नाकारतो, नोंद अडकून बसते, आणि इंग्रजीत ठेवलेल्या तुमच्या फोनवर सगळं ठीक. तारखांचंही असंच. यंत्रानं यंत्राला पाठवायच्या प्रत्येक आकड्याला आणि तारखेला ‘लोकॅल डॉट रूट’ द्या. देवनागरी आकडे माणसाला दाखवायला.

उलट बाजूनं, कीबोर्डवरून कुणी ‘५ क्विंटल’ देवनागरीत भरलं तर शून्य ते नऊ रोमन आकडेच मान्य करणारा तुमचा नियम ते चूक ठरवतो. भरताना दोन्ही घ्या, साठवताना एकाच रूपात साठवा.

मग अक्षरांचा आकार मोठा करा. पन्नाशीच्या पुढचे लोक तो मोठाच ठेवतात, आणि अँड्रॉइड १४ पासून तो २०० टक्क्यांपर्यंत जातो. बटनाची उंची ठरावीक ठेवली असेल तर ‘र्की’ची वेलांटी आणि रफार वरून, ‘तू’चा ऊकार खालून कापला जातो. ‘वऱ्हाड’, ‘पऱ्हाटी’, ‘सोयाबीनची मळणी’ हे शब्द चाचणीत ठेवा. कंपनीच्या थीमनं फाँट बदलला की ‘ऱ्हा’ सगळ्यात आधी मोडतो.

मोजणी

मोजायचं ते रिलीज बिल्डवर, म्हणजे लोकांना देता त्यावर. डीबग बिल्ड हळूच असतं, त्याचे आकडे कामाचे नाहीत. फोन रीस्टार्ट करून पाच मिनिटं शांत राहू द्या, चार्जरवरून काढा, मग एडीबीतून ‘एएम स्टार्ट’ला डब्ल्यूचा पर्याय देऊन ॲप बंद अवस्थेतून दहा वेळा उघडा आणि ‘टोटलटाइम’चा मधला आकडा लिहा. पहिला आकडा टाकून द्या. थंड सुरुवातीला ५ सेकंद लागले तर गुगलच्या हिशेबानंही ते वाईट. आम्ही रेफरन्स फोनवर २ सेकंदांचं बंधन ठेवायला सांगतो, कारण रिकाम्या पडद्यापुढे लोक पुन्हा पुन्हा बोट मारतात. बोटाला ५ सेकंद प्रतिसाद नाही तर एएनआर. फ्रेमचं माप ६० हर्ट्झला १६ मिलिसेकंद, हल्लीच्या ९० हर्ट्झच्या पडद्याला ११.

उन्हाळ्यात हीच मोजणी बाहेर करा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि बरेच फोन बनवणारे ३५ अंशांपर्यंतच्या हवेचा हिशेब धरतात. एडीबीतल्या ‘डम्पसिस बॅटरी’ या आज्ञेत तापमान दशांशात असतं, ३८५ म्हणजे ३८.५ अंश. फोन तापला की चिप वेग कमी करते, पडदा आपोआप मंद होतो, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद होऊ शकतो, चार्जिंग थांबतं. सावलीत दीड सेकंदात उघडणारं ॲप उन्हात किती घेतं ते दुसऱ्या रकान्यात लिहा. फोन गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र ठेवू नका, बॅटरीला धोका असतो.

नेटवर्कसाठी ॲपमध्ये पाच नोंदी भरा, विमान मोड लावा, आणखी पाच भरा, ॲप उडवा, फोन बंद करून चालू करा, मग विमान मोड काढा. दहाच्या दहा सर्व्हरवर पोचल्या पाहिजेत, एकही दोनदा नको. दोनदा जाण्याचं कारण बहुधा हेच, की सर्व्हरनं नोंद घेतली पण त्याचं उत्तर परत येताना रेंज गेली. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक वेगळा ओळखक्रमांक द्या, म्हणजे सर्व्हर दुसऱ्यांदा आलेली ओळखतो. वर्कमॅनेजरचं (पार्श्वभूमीची कामं करणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीचं) ठरावीक काम १५ मिनिटांहून कमी अंतरानं चालत नाही, डोझमध्ये (फोन पडून असताना लागणाऱ्या झोपेत) ते आणखी लांबतं. ‘डम्पसिस डिव्हाइसआयडल’ला ‘फोर्स-आयडल’ देऊन फोन झोपवा आणि नोंद केव्हा निघते ते पाहा.

वर्षातून एकदा, खरिपाच्या पेरणीआधी, पुन्हा बाजारात चाळीस फोन मोजा. खालून दहावा बदलला असेल तर नवा रेफरन्स घ्या, पण जुना विकू नका. दोन्हींवर एकच बिल्ड मोजून आकडे वहीत शेजारी लिहा, नाहीतर गेल्या वर्षीचे आकडे पुढं तुलनेला उपयोगी पडत नाहीत.